ब्रशलाही आंघोळ हवी

२०११ मध्ये महिला फुटबॉलचा विश्वचषक जिंकणाऱ्या जपानी संघाला सरकारने राष्ट्रीय सन्मानासोबत भेट दिली ती चक्क मेकअपच्या ब्रशांची. हे ब्रश हिरोशिमाजवळच्या कुमानो गावचे. सुलेखनाचे कुंचले बनवणारं हे जुनं गाव. जपानमधले बहुतांश ब्रश आजही तिथेच तयार होतात. तिथले कारागीर केसांची टोकं कात्रीने छाटत नाहीत. नैसर्गिक टोक निमुळतं असतं, त्यामुळे ते गालाला टोचत नाही.

बकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. त्यांत पावडर धरली जाते आणि चेहऱ्यावर हलकेच पसरते. पातळ फाउंडेशन मात्र असा केस पिऊन टाकतो. तिथे गुळगुळीत नायलॉनचे तंतूच बरे. महागडा संच घेण्याआधी आपण पावडर वापरतो की क्रीम, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. (मुंगसाच्या केसांचा ब्रश कुणी दाखवलाच, तर सरळ नकार द्यावा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मुंगूस संरक्षित आहे.)

त्वचेचं तेल, मृत पेशी आणि जिवाणू ब्रशमध्ये साचतात. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना दर सात ते दहा दिवसांनी ब्रश धुवायला सांगते.

कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू पुरतो. धुताना टोक खाली हवं. केस जिथे चिकटवलेले असतात त्या धातूच्या नळीत पाणी शिरलं की गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. म्हणूनच ओला ब्रश पेल्यात उभा ठेवू नये. टॉवेलवर आडवा, केस ओट्याच्या कडेबाहेर ठेवून वाळवावा. हेअर ड्रायर नकोच.