नव्या सोलर प्लेटसाठी थांबावे का?

नांदूरघाट (ता. केज) : आपल्या शिवारात उन्हाला तोटा नाही. तोटा आहे तो दिवसाच्या विजेचा. सौरपंपाचा अर्ज भरताना मनात येते, "नवीन प्लेट निघालीय म्हणतात, जरा थांबावं का?"

या नव्या प्लेटमधील पदार्थ म्हणजे पेरोव्हस्काइट. आजची प्लेट सिलिकॉनची. ते वितळवायला १४०० अंशांची भट्टी लागते. नवा पदार्थ शिसे-आयोडीनचा क्षार आणि एक सेंद्रिय क्षार मिळून सुमारे १०० अंशांवरच तयार होतो. (इथे सेंद्रिय म्हणजे शेणखत नव्हे, कार्बनयुक्त रसायन!) केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा थरही भरपूर ऊन शोषतो. २००९ साली जपानच्या मियासाकांनी त्यापासून वीज काढली, तेव्हा उन्हाच्या १०० भागांतले जेमतेम ४ हाती लागले. मुंबईच्या आयआयटीने सिलिकॉनवर हा थर चढवून सुमारे ३० भागांपर्यंत मजल मारली आहे. बाजारातली चांगली प्लेट २०-२२ भाग देते.

मग घोडे अडले कुठे? ओल आणि उष्णता! पाणी शिरले की थर पिवळा पडून बाद होतो, वर शिसे रानात उतरण्याची धास्ती.

इथेच प्लाझ्मा कामी येतो. पेटलेल्या ट्यूबलाइटमध्ये चमकणारा वायू म्हणजे प्लाझ्मा. बंद पात्रातली हवा काढून, थोडा वायू सोडून त्यात वीज खेळवली की कण तुटतात आणि एकसारखा थर बसतो. विषारी द्रावक लागत नाही. आजच्या प्लेटचा निळा रंगही बहुधा असाच चढवलेला असतो. स्पेनमधील सेव्हिलच्या संशोधकांनी पेरोव्हस्काइटला ओलीपासून जपणारे थर याच रीतीने करून पाहिले आहेत.

पण प्रयोगशाळा वेगळी अन् बांध वेगळा. सिलिकॉनच्या प्लेटला २५ वर्षांची हमी मिळते. नवीला तेवढे पावसाळे अजून काढायचे आहेत. तेव्हा थांबू नका. २०२४ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरायचा. दुरुस्तीची हमी पाच वर्षे. 'नव्या' प्लेटच्या नावाखाली कुणी आगाऊ पैसे मागितले, तर आधी लेखी हमी मागा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही ही गोष्ट ग्रामसभेत सांगावी.

नव्या प्लेटला अजून वाफसा यायचा आहे. तोवर हातातली पेरणी का खोळंबवायची?