दप्तर हलते, अक्षरे मागे राहतात

१३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दरबारासकट बडी मंडळी दिल्लीहून दौलताबादेला हलवली. शहर जागेवरच राहिले. विंडोज काढून लिनक्स घालताना नेमके उलटे करता येते: राज्य बदलते, पण रयतेला घर सोडावे लागत नाही! फाइली वेगळ्या पार्टिशनमध्ये असतील आणि इन्स्टॉल करताना ते पार्टिशन फॉरमॅट केले नाही, तर त्या होत्या तिथेच राहतात. लिनक्सला विंडोजचे एनटीएफएस वाचता येते.

क्विक फॉरमॅट झाले तरी साध्या हार्ड डिस्कवर फोटोचे बाइट लगेच जात नाहीत. फोटो कुठे ठेवलाय हे सांगणारी नोंदवही तेवढी नवी, कोरी होते. एसएसडीचा मात्र भरवसा धरू नये. कोणती जागा मोकळी झाली हे तिला ट्रिम नावाच्या आदेशाने कळते आणि ती जागा ती खरोखर पुसून टाकते. तेव्हा आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. विंडोजचे बिटलॉकर एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

एवढे करूनही मराठी माणसाची फसगत होऊ शकते, आणि मला तीच सगळ्यात अजब वाटते. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये डीटीपीवाल्याने जुळवलेली लग्नपत्रिका नव्या सिस्टिमवर आणली. एक बाइट हरवला नाही. तरी उघडल्यावर ‘दौलताबाद’च्या जागी रोमन अक्षरे आणि भलतीच चिन्हे! कारण फाइलीत मराठी कधी नव्हतेच. त्या फॉन्टांनी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर काने, वेलांट्या, अर्धी अक्षरे बसवली होती. फॉन्ट गेला की उरतात नुसते क्रमांक.

युनिकोडमध्ये ‘द’चा क्रमांक २३४२, कुठल्याही फॉन्टमध्ये, कुठल्याही सिस्टिमवर. ‘दौलताबाद’ म्हणजे असे आठ क्रमांक. पहिला आणि शेवटचा एकच.

म्हणून जुनी सिस्टिम चालू आहे तोवरच त्या फाइलींच्या फॉन्टसकट पीडीएफ करून घ्या. त्या दिसतील अगदी जशाच्या तशा, पण त्यांत ‘दौलताबाद’ शोधायला गेलात तर बहुधा सापडणार नाही. त्यासाठी मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये न्यावा लागतो, आणि नंतर रफार नि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात. कन्व्हर्टर हमखास तिथेच अडखळतात.