विश्लेषण : कपाटातला जुना कॅमेरा पुन्हा बाहेर का येतोय?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना लागणाऱ्या बिडकीनचा चेहरामोहरा गेल्या काही वर्षांत बदलला आहे. येथील ७,८५५ एकरांवरच्या औद्योगिक क्षेत्राचे २९ सप्टेंबर २०२४ रोजी लोकार्पण झाले. शेतांच्या जागी रुंद रस्ते आणि पथदिवे आले. त्याआधीचे शिवार, बैलजोड्या, मांडवातली लग्ने मोबाइलच्या गॅलरीत फारशी सापडणार नाहीत. ती आहेत अल्बममध्ये आणि कदाचित कपाटातल्या जुन्या कॅमेऱ्यात तशाच राहून गेलेल्या एखाद्या रोलवर. जुन्या कॅमेऱ्यांचा छंद जगभर परतत असताना हा कॅमेरा भंगारात द्यायचा, विकायचा की वापरायचा?

छंद परतला कसा?

फिल्म संपली असे सगळ्यांनीच मानले होते. तरीही ‘लायका’ने २०२२ मध्ये आपला जुना एम ६ हा फिल्म कॅमेरा पुन्हा बाजारात आणला. जून २०२४ मध्ये ‘पेंटॅक्स १७’ हा नवा कोरा फिल्म कॅमेरा आला. तो अर्ध्या चौकटीचा आहे, म्हणजे ३६ फोटोंच्या रोलवर ७२ फोटो निघतात. रोल महागल्यामुळे ही काटकसर कामी येते. आज रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून खर्च सहज हजार रुपयांच्या पुढे जातो. त्यामुळे अनेक हौशी मंडळी मधला मार्ग धरतात : कॅमेरा डिजिटल, लेन्स मात्र चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची.

कॅमेरा उघडण्यापूर्वी काय पाहावे?

सर्वांत मोठी चूक इथेच होते. कॅमेरा हातात आला की पहिले बोट मागच्या झाकणाकडे जाते. आत रोल असेल तर क्षणभराचा उजेडही त्यावरचे फोटो पुसून टाकायला पुरेसा असतो.

लहान, म्हणजे ३५ मिलिमीटरच्या रोलच्या कॅमेऱ्यात वर डाव्या बाजूला बहुधा रोल परत गुंडाळण्याची घुंडी असते. ती बाणाच्या दिशेने हलकेच फिरवावी. नुसतीच फिरत राहिली तर कॅमेरा रिकामा समजावा. ताण लागला तर आत रोल आहे. मग तळाचे छोटे बटण दाबून, घुंडी सैल लागेपर्यंत फिरवावी आणि त्यानंतरच झाकण उघडावे.

घरोघरी असलेल्या ‘आग्फा क्लिक थ्री’चे तंत्र वेगळे. त्यात मोठा १२० चा रोल लागे आणि त्यावर १२ फोटो निघत. पाठीमागच्या लाल खिडकीत आकडा दिसला की आत रोल आहे. हा रोल मागे गुंडाळायचा नसतो. कागद पूर्ण सरकून खिडकी रिकामी होईपर्यंत पुढेच फिरवायचा, अंधाऱ्या खोलीत काढायचा आणि सैल पडू न देता चिकटपट्टी लावायची.

वीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या रंगीत रोलचे रंग बहुधा गेलेले असतात. अशा वेळी तो कृष्णधवल पद्धतीने धुतल्यास पुसट का होईना, चेहरे मिळण्याची शक्यता असते. म्हणून लॅबमध्ये देताना रोल किती जुना आहे, हे आधी सांगावे.

अजिंठ्याचा संबंध काय?

फोटो काय वाचवू शकतो, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये नेमण्यात आले. त्याने वर्षानुवर्षे राबून रंगवलेले बहुतेक कॅनव्हास १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाले. मात्र गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला होता. लेण्यांचे त्याचे ७४ फोटो जेम्स फर्ग्युसनच्या पुस्तकात १८६४ मध्येच छापले गेले होते. ते आजही पाहता येतात.

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते कशी?

प्रत्येक लेन्स तिच्या मागच्या कडेपासून ठरावीक अंतरावर चित्र उमटवते. ‘झेनिट’सारख्या सोव्हिएत कॅमेऱ्यांच्या एम ४२ या आट्याच्या लेन्सना ४५.४६ मिलिमीटर अंतर लागते. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत आरसाच नसल्याने हे अंतर बरेच कमी असते : सोनीत १८, निकॉन झेडमध्ये १६. मधली जागा भरायला धातूचे एक कडे लावले की झाले. या कड्यात काच नसते, त्यामुळे ते स्वस्त पडते.

आरसा असलेल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत मात्र गोम आहे. कॅननचे अंतर ४४ मिलिमीटर, तिथे एम ४२ चालते. निकॉनचे ४६.५, म्हणजे आधीच जास्त. तिथे दूरचे दृश्य स्पष्ट येत नाही. ते येण्यासाठी काच बसवलेले कडे घ्यावे लागते आणि त्याने चित्राचा दर्जा घसरतो. निकॉनवाल्यांनी निकॉनच्याच जुन्या लेन्स शोधाव्यात, हे बरे.

लेन्स बसवल्यावर कॅमेऱ्याच्या मेन्यूत ‘लेन्स नसताना शटर चालू’ हा पर्याय निवडावा लागतो. नाहीतर कॅमेरा फोटोच काढत नाही आणि माणूस लेन्सला दोष देत बसतो.

मग मजा कशात?

‘हेलिओस ४४-२’चे उदाहरण घ्या. ५८ मिलिमीटर, एफ २. युद्धापूर्वीच्या जर्मन ‘बायोटार’च्या धर्तीवर बनलेली ही सोव्हिएत लेन्स. समोर माणूस उभा करून मागे पानापानांतून झिरपणारा उजेड ठेवला, की पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी गरगरताना दिसते. खरे तर हा लेन्सचा दोष आहे. चौकटीच्या कडांना प्रकाशाचे ठिपके कापले जाऊन बदामी आकाराचे होतात. आजच्या लेन्समध्ये तो बराचसा काढून टाकलेला असतो. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी हिशोबाने पुसट करतो आणि कधी केसांच्या बटाही गिळतो. इथे जे काही होते ते काचेतच.

दुसरी मजा हाताची. फोकसची कडी तेलातून फिरल्यासारखी सरकते, चूक झाली तर ती आपलीच. पैठणला खिडकीच्या उजेडात पैठणी विणणारे हात टिपायला अशी लेन्स उत्तम, कारण तिथे घाई नसते. नाथसागरावरचे उडते पक्षी टिपायला मात्र ती घेऊन जाऊ नये, निम्मी सकाळ कडी फिरवण्यात जाईल.

घेताना काय तपासावे?

लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. थोडी धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ती काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यानंतरही डाग राहू शकतात. एफच्या आकड्यांची कडी फिरवून आतली पाती तेलकट नाहीत ना, झटकन मिटतात ना, हेही पाहावे. कॅमेरा असेल तर झाकणाच्या कडेचा काळा फोम चिकट झालेला नसावा, तिथून उजेड आत शिरतो.

मराठवाडा कोरडा असला तरी पावसाळ्याचे चार महिने बंद कपाटात बुरशीला पुरतात. कातडी कव्हर शोभून दिसते, पण ओल धरून ठेवते. कॅमेरा त्यातून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून शटर दोन-चार वेळा चालवावे. आत जुना सेल असेल तर तो आधी काढावा. गळलेल्या सेलचा हिरवट-पांढरा थर संपर्कपट्ट्या खाऊन टाकतो आणि तो काढण्यासाठी मग कारागीर शोधत फिरावे लागते.