हवेची मर्यादा कोण ठरवतं?

केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा धूलिकण डोळ्यांना दिसत नाही, फुप्फुसात मात्र खोलवर उतरतो. हाच पीएम २.५. हवेत तो किती असलेला चालेल, हे अमेरिकेत तिथली पर्यावरण संरक्षण संस्था ठरवते. पण त्याआधी सात जणांच्या वैज्ञानिक सल्लागार समितीचं म्हणणं तिला ऐकावं लागतं. १९७७ च्या कायदादुरुस्तीने तसं बंधनच घातलंय. समितीत एक डॉक्टर आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेतला एक जण हवाच. दर पाच वर्षांनी मानकं तपासायची, असाही नियम आहे. उशीर होतो, ते सोडा.

गंमत म्हणजे ही मर्यादा ठरवताना खर्चाचा विचार करायचाच नाही. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट सांगितलं. आधी आरोग्य, पैशांचा हिशेब नंतर, अंमलबजावणीच्या वेळी.

सल्ला मानलाच पाहिजे असं मात्र नाही. डावलला तर कारण द्यावं लागतं. २०१८ मध्ये समितीच्या मदतीचं धूलिकण-तज्ज्ञ मंडळच बरखास्त झालं. त्यातल्या बऱ्याच जणांनी २०१९ मध्ये आपणहून बैठक घेतली आणि मर्यादा खाली आणा, असं बजावलं. माझ्या मते हा या कथेतला सर्वांत बाणेदार प्रसंग. २०२० मध्ये वार्षिक मर्यादा घनमीटरला १२ मायक्रोग्रॅमच राहिली. २०२४ मध्ये ती ९ झाली.

जागतिक आरोग्य संघटना ५ सुचवते. भारतात २००९ पासून मर्यादा आहे ४०.