राणीचे मुखचित्र, पवारांचे नाणे : धार-देवासचा पैसा कसा ओळखावा?

जुन्या डब्यात तांब्याचा पैसा सापडला आणि त्यावर व्हिक्टोरिया राणीचे मुखचित्र दिसले, की तो ‘ब्रिटिशांचा’ म्हणून बाजूला ठेवला जातो. साल १८८७ किंवा १८८८ असेल, तर मात्र नाणे उलटून पाहावे. मागील बाजूस रोमन लिपीत ‘धार स्टेट’ किंवा ‘देवास स्टेट’ अशी अक्षरे असल्यास ते माळव्यातील मराठी संस्थानाचे नाणे होय.

१८७६च्या कायद्याने देशी संस्थानांना आपली नाणी ब्रिटिश सरकारच्या टांकसाळीत पाडून घेण्याची मुभा दिली. ही नाणी ब्रिटिश मुलखातही चालत. मोबदल्यात राणीची छबी स्वीकारावी लागे आणि स्वतःची टांकसाळ दीर्घकाळ बंद ठेवावी लागे. नाणे पाडणे हे राजेपणाचे लक्षण मानले जात असल्याने फारच थोडी संस्थाने या अटींना राजी झाली. धारची नाणी तिसऱ्या आनंदराव पवारांच्या कारकिर्दीत, १८८७ मध्ये निघाली. देवासचे प्रकरण आणखी मौजेचे. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंपासून तेथे थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या आणि एकाच गावात दोन राज्ये नांदली. साहजिकच १८८८ मध्ये नाणीही दोन निघाली : थोरल्या पातीच्या नाण्यावर ‘एस. बी.’, धाकटीच्या नाण्यावर ‘जे. बी.’. ही दोन अक्षरे झिजली असतील, तर पाती ठरविणे कठीण होते.

गोमंतकीयांना असा तोडगा अपरिचित नाही. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर येथील लुईश राजाचा रुपयाही ब्रिटिश हिंदुस्थानी रुपयाच्याच वजनाचा निघाला होता.

ओळखीचा दुसरा आधार वजनाचा. पाव आणा, म्हणजेच पैसा, सुमारे ६.४७ ग्रॅमचा, एक पै, म्हणजे आण्याचा बारावा भाग, सुमारे २.१६ ग्रॅमची. धारने अर्धा पैसाही काढला, तो ३.२४ ग्रॅमच्या आसपास भरतो. झिजेमुळे वजन किंचित घटते, पण वाढत नाही. नाणे लोहचुंबकाला चिकटले किंवा कडेवर ओतकामाची रेघ दिसली, तर ते बनावट समजावे.

किंमत वयावर ठरत नाही. त्याच काळातील साधा ब्रिटिश पैसा विपुल असल्याने स्वस्त मिळतो. संस्थानी पैसा तुलनेने दुर्मीळ. तरीही राणीच्या वस्त्रावरील नक्षी किती शाबूत आहे, यावर भाव बराच बदलतो. चिंच किंवा पितांबरी लावून नाणे लखलखीत करणे हा सर्वांत महागात पडणारा उत्साह. तांब्यावरील मूळ तपकिरी झाक गेली, की जाणकार ग्राहक पाठ फिरवतो. अंदाज घ्यायचा तर विक्रेत्याने मागितलेला भाव नव्हे, लिलावात प्रत्यक्ष मिळालेला भाव पाहावा.

‘जुने नाणे द्या, लाखो मिळवा’ अशा जाहिरातींबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले होते. बँक असे व्यवहार करीत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशनही मागत नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. परदेशी स्थायिक झालेल्या नातलगाकडे ते भेट म्हणून परस्पर पाठविता येत नाही.