न्हाणीघराची बुरशी : रंग देण्यापूर्वी पाणी शोधा

पावसाळा सरत आला की सारंगखेडा, शहादा, दोंडाईचा या पट्ट्यातील रंगारी बंधूंच्या कानावर एक ठराविक तक्रार येते. न्हाणीघर गेल्याच वर्षी रंगवून घेतले, तरी कोपऱ्यात आणि छताखाली पुन्हा काळे डाग उमटले. गिऱ्हाईक रंगाला दोष देते, रंगारी दुकानदाराला, दुकानदार कंपनीला. पुन्हा एक हात मारला जातो आणि पुढच्या श्रावणात तीच कहाणी सुरू होते.

खरे तर हे काम बहुतेक वेळा रंगाऱ्याचे नसतेच. बुरशी ही सजीव वस्तू आहे. तिचे बीजकण हवेत सर्वत्र असतात, त्यांना कोणी घराबाहेर ठेवू शकत नाही. त्यांना वाढायला खाद्य आणि ओल लागते. खाद्य म्हणून साबणाचा मळ, धूळ, लाकूड, इतकेच काय, डिस्टेंपरमधील चिकट पदार्थही चालतो. म्हणजे आपल्या हातात एकच गोष्ट राहते, ती म्हणजे ओल. ओल्या पृष्ठभागावर एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. ओल तोडली नाही तर कितीही महाग रंग लावा, पैसे पाण्यातच जायचे.

न्हाणीघरात ओल तीन वाटांनी येते. गरम पाण्याची वाफ थंड भिंतीवर बसते, ही पहिली वाट. नळाची किंवा सांडपाण्याची नळी गळते, फरशीचे सांधे उघडतात, ही दुसरी. तिसरी वाट पायातून वर चढणाऱ्या ओलीची. तापीकाठच्या काळ्या मातीत दुसरी आणि तिसरी वाट अधिक त्रास देतात. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या या हालचालीने पाया हलतो, जमिनीखालच्या नळीचे सांधे सुटतात आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. वरून सारे ठाकठीक दिसते, पण आतल्या आत पाणी मुरत राहते.

निदान करायला यंत्र लागत नाही. भिंत कोरड्या फडक्याने पुसून हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा व एक दिवस तसाच ठेवावा. आपल्या बाजूला दव जमले तर दोष वाफेचा. कागदाच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसले तर ओल भिंतीच्या पोटात आहे. रात्री सारे नळ बंद करून टाकीच्या पाण्याची खूण करावी. सकाळी पातळी उतरली असेल तर नळी गळते. फरशीसाठी पाणी जाण्याची जाळी चिंधीने घट्ट बंद करून दोन बोटे पाणी तुंबवावे आणि तीन-चार तासांनी पाहावे. (या जाळीखालच्या भांड्याला अभियंत्यांच्या इंग्रजी पुस्तकांतही 'नहाणी ट्रॅप'च म्हणतात. आपल्या गवंड्यांचा शब्द तिथवर पोचला आहे.) गळतीची सर्वांत आवडती जागा नेमकी हीच, या भांड्याभोवतीचा सिमेंटचा सांधा.

येथे एका सवयीबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. फरशी चकाचक दिसावी म्हणून बाजारातील ऍसिड ओतण्याची पद्धत आपल्या घरांत रूढ आहे. ऍसिड फरशांमधील सिमेंट खाते. दर महिन्याला ऍसिड ओतणारे घर आपल्याच हाताने पाण्याला वाट करून देत असते. त्याहून गंभीर बाब अशी की ऍसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. एकाच दिवशी, एकाच बादलीत, एकाच फरशीवर या दोन वस्तू कधीही वापरू नयेत. माल विकणाऱ्या दुकानदारांनी गिऱ्हाइकाच्या हाती बाटल्या देताना हे तोंडी सांगावे.

बुरशी काढताना कोरडी खरवडू नये. बीजकण उडून घरभर पसरतात. तोंडा-नाकावर फडके, हातांत मोजे, खिडकी उघडी आणि लहान मुले व दमेकरी दुसऱ्या खोलीत, अशी तयारी करावी. धुण्याचा सोडा किंवा साबण कोमट पाण्यात घालून ब्रशने घासावे, धुवावे, पुसून कोरडे करावे. निम्मे काम येथेच होते. फरशी व चिनी मातीच्या वस्तूंवर डाग उरलेच तर चार लिटर पाण्यात एक पेला द्रव ब्लीच घालून दहा मिनिटे ठेवावे व धुवावे. गिलाव्यावर मात्र ब्लीचचा भरवसा धरू नये. डाग पांढरा होतो, मुळे आत राहतात. पोपडे सुटलेला, हाताने टोकरला तर भुसभुशीत लागणारा गिलावा काढूनच टाकावा.

'काळे डागच तर आहेत' असे म्हणून सोडण्याजोगी ही गोष्ट नाही. इंग्लंडमधील रॉचडेल येथे डिसेंबर 2020 मध्ये आवाब इसहाक हा दोन वर्षांचा मुलगा श्वसनाच्या विकाराने मरण पावला. कुटुंब सुदानहून आलेले, भाड्याच्या घरात राहणारे. वडिलांनी 2017 सालीच बुरशीची तक्रार केली होती. वरून रंग मारा, असे त्यांना सांगण्यात आले. कुटुंबाच्या राहणीवर आणि आंघोळीच्या पद्धतीवर बोट ठेवले गेले. नोव्हेंबर 2022 मध्ये चौकशी अधिकाऱ्यांनी निर्णय दिला की घरातील बुरशीच्या दीर्घ संपर्कानेच मुलाचा मृत्यू झाला. घरमालक संस्थेलाही आपली गृहीतके चुकली हे कबूल करावे लागले. त्या मुलाच्या नावाचा कायदा तेथे झाला आणि 27 ऑक्टोबर 2025 पासून सामाजिक गृहसंस्थांना ओल-बुरशीची तक्रार ठरलेल्या मुदतीत तपासणे बंधनकारक झाले. आपल्याकडे खोल्या भाड्याने देणारे अनेक आहेत. त्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली, हा प्रसंग आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे प्रेषितांनी त्याला विचारले. ओल्या भिंतीवर ऑइल पेंट चढवून पैसे घेणे हा त्याच राशीचा प्रकार आहे. कारागिराने गिऱ्हाइकाला सरळ सांगावे की आधी प्लंबर बोलवा, मग गवंडी, माझा नंबर शेवटी. एक काम महिनाभर लांबेल, पण पुढच्या श्रावणात तोंड लपवावे लागणार नाही.

दुरुस्तीचा क्रमही हाच. नळी बदलावी, जाळीच्या भांड्याभोवती फोडून नव्याने भरावे, फरशीला जाळीकडे ढाळ द्यावा, उघडे सांधे खरवडून भरून घ्यावेत. नवा गिलावा पाण्याने नीट पकवावा आणि मग पूर्ण वाळू द्यावा. घाई नडते ती येथेच. त्यासाठी हे काम एप्रिल-मे महिन्यांत काढावे. खानदेशचे ऊन फुकट मिळते. पायातून ओल चढत असेल तर भिंतीला ऑइल पेंटने कोंडू नये, ओल वर सरकते आणि पोपडे येतात. अशा भिंतीला जुनी चुन्याची सफेदी चांगली. भिंतीला श्वास मिळतो आणि ताजा चुना बुरशीला सोसत नाही. मात्र चुन्यात सरस किंवा डिंक जास्त घालू नये, ते बुरशीचे जेवण. बुरशीरोधक रंगही उपयोगी आहेत, पण कोरड्या भिंतीवर.

वाफेचा प्रश्न असेल तर छताजवळ झरोका किंवा बाहेर हवा फेकणारा पंखा हवा. बंब न्हाणीघराबाहेर ठेवावा, पिंपावर झाकण असावे, कपडे आत वाळत घालू नयेत. सात-आठ माणसांच्या नमाजी घरात दिवसातून पाच वेळा वजू होते आणि न्हाणीघर वाळायला सवडच मिळत नाही. वजूसाठी अंगणात वेगळा नळ काढला तर खर्च थोडा, आराम मोठा. आंघोळीनंतर शेवटच्या माणसाने वायपरने भिंत-फरशी निपटून दार उघडे ठेवावे.

शेवटी घोड्यांच्या साजाचा धंदा करणाऱ्यांसाठी. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला भरते. खोगीर, लगाम, कातडी पट्टे असा माल घरी ठेवला तर साऱ्या पावसाळ्याची ओल त्याच्या वाट्याला येते, आणि जागेच्या टंचाईमुळे तो पुष्कळदा न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीतच रचला जातो. चामड्याला बुरशी लवकर धरते आणि ऐन बाजारात भाव पडतो. माल त्या भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये बांधू नये, सुती कापडात गुंडाळावा. बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावी, सावलीत वाऱ्यावर वाळवावे आणि मगच तेल द्यावे. चामड्याला ब्लीच लावू नये.