तेरा मीटरचं गणित

जुलै २०२५च्या अखेरीस हेलसिंकी शहरानं एक आकडा जाहीर केला: शून्य. आधीच्या बारा महिन्यांत फिनलंडच्या या राजधानीत रस्ते अपघातात एकही माणूस दगावला नव्हता. पायी चालणारा नाही, सायकलवाला नाही, मोटारीतलाही नाही. शहराची वस्ती सात लाखांच्या आसपास. डिसेंबरात दुपारी सव्वातीनला सूर्य मावळतो, रस्त्यावर बर्फ असतो, ट्राम, बस, मालाचे ट्रक सगळं चालूच असतं. आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी याच शहरात वर्षाला तीसेक माणसं रस्त्यावर मरत होती.

‘ती माणसंच शिस्तीची हो,’ हे उत्तर आपल्या ओठांवर तयार असतं. पण तीस जण मरायचे तेव्हाही तिथे फिनिश माणसंच राहत होती.

बदलला तो मुख्यतः वेग. आज हेलसिंकीतल्या निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. पन्नासचं तीस केलं, एवढंच. पण या एवढ्याशा फरकात काय दडलंय ते कागद-पेन्सिल घेऊन पाहण्यासारखं आहे.

समजा, उभ्या टेम्पोच्या आडून एक बाई अचानक रस्त्यात आल्या. तुमची मोटार त्यांच्यापासून साडेतेरा मीटरवर आहे. डोळ्यांनी पाहायचं, मेंदूनं ओळखायचं, पायानं ब्रेक दाबायचा, यात चांगल्या चालकाचाही एक सेकंद जातो. वेग तीसचा असेल तर त्या सेकंदात मोटार सव्वाआठ मीटर पुढे सरकते. मग कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लागला की आणखी पाच मीटर. एकूण सव्वातेरा. मोटार बाईंच्या पुढ्यात थांबते, त्या चार शब्द सुनावतात आणि निघून जातात.

आता तोच चालक, तीच मोटार, वेग पन्नास. त्या एका सेकंदात मोटार जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे पहिली मोटार जिथे पुरती थांबली, तिथे दुसऱ्या मोटारीचा ब्रेक अजून लागायचाच आहे. ती बाईंना पन्नासच्या पन्नास वेगानं धडकते. मी हे गणित दोनदा करून पाहिलं, कारण पहिल्यांदा पटलंच नाही. आपण मनातल्या मनात धरून चालतो की वेग थोडा जास्त म्हणजे धडक थोडी जास्त. इथे तर एकीकडे धडकच नाही आणि दुसरीकडे ती पूर्ण आहे.

त्या धडकेचा जोर केवढा? ताशी ३० किलोमीटरनं आदळणं म्हणजे साडेतीन मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडणं. हातपाय मोडतील, पण बहुतेक माणसं वाचतात. पन्नासनं आदळणं म्हणजे दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून. वेगाचा वर्ग होतो म्हणून हे असं: वेग दीडपटीपेक्षा थोडा जास्त झाला, मार पावणेतीन पट झाला. स्वीडनचे संशोधक गोरान नील्सन यांनी हे साऱ्या रस्त्यांना लागू पडेल असं मांडलं. वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्यानं उतरला की जीवघेणे अपघात साधारण चार टक्क्यांनी उतरतात.

बरं, ३०चा फलक लावला की लोक तीसनं चालवतात का? नाही चालवत, तिथेही नाही. चालकाचा पाय फलकाचं फारसं ऐकत नाही, रस्त्याचं ऐकतो. समोर रुंद, सरळ, मोकळा रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो. कडेला झाडं आली, लेन अरुंद झाली, चौकातलं वळण काटकोनी झालं की तोच पाय न सांगता उचलला जातो. वळणाचं तर सरळ भौतिकशास्त्र आहे. कोपरा ऐसपैस गोलाकार असेल तर मोटार तीस-पस्तीसनं सहज वळते. तोच आवळून पाच मीटर त्रिज्येचा केला की पंधराच्या वर वळवताना आतली माणसं एकमेकांवर कलंडतात. तिथे पोलीस उभा करायची गरज उरत नाही.

कोणता कोपरा किती आवळता येईल, हे बर्फ फुकटात सांगतो. न्यू यॉर्कमध्ये काही मंडळी बर्फ पडला की कॅमेरा घेऊन चौकात जातात. मोटारींची चाकं जिथून जातात तिथला बर्फ वितळतो. जिथे चाक कधी पोचतच नाही तिथे पांढरी त्रिकोणी बेटं उरतात. तेवढा रस्ता वाहनांना लागतच नव्हता, तो फुटपाथला देता येतो. आपल्याकडे बर्फ नाही, पण धूळ भरपूर आहे. मोठ्या चौकाच्या कोपऱ्यात खडी, माती आणि गुटख्याच्या पुड्या साचलेला पट्टा बघा. नकाशा आयता काढलेला असतो.

या सगळ्यामागचा विचार स्वीडनच्या संसदेनं १९९७मध्ये धोरण म्हणून मान्य केला. क्लेस टिंगवाल हे त्यामागचं प्रमुख नाव. माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये. आणि ही जबाबदारी रस्ता बांधणाऱ्याचीही आहे, असा तो विचार. फिनलंडमध्ये प्रत्येक जीवघेण्या अपघाताची चौकशी एक पथक करतं. त्यात पोलीस असतात, वाहनतज्ज्ञ असतो, रस्त्यांचा अभियंता असतो, डॉक्टर असतो. दोष कोणाचा हे ठरवणं त्यांचं कामच नाही. असं पुन्हा घडू नये म्हणून काय बदलायचं, एवढंच ते पाहतात. आपल्या बातमीत ‘चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटले’ या वाक्यानंतर पूर्णविराम येतो. नियंत्रण तिथेच का सुटलं, हे कोणी विचारत नाही.

पुण्याचा नवले पूल घ्या. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून तिथवर लांबलचक उतार आहे. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये टाकले जातात, ब्रेक तापतात, खाली शहराची गर्दी समोर येते. २० नोव्हेंबर २०२२ला एकाच अपघातात तिथे ४८ वाहनांचं नुकसान झालं. चालक दर वेळी नवा असतो, उतार तोच. आपल्याकडे अशा जागी ‘अपघातप्रवण क्षेत्र’ असा फलक लागतो. दोष जागेचा आहे हे सरकारी खर्चानं लिहून ठेवायचं आणि खाली वाहनं सावकाश चालवण्याची विनंती करायची, हा खास आपला प्रकार.

दंडाचा धाक फिनलंडनं सोडलेला नाही. मर्यादा फार ओलांडली तर दंड उत्पन्नाच्या हिशेबानं बसतो. २०२३मध्ये फिनलंडच्याच ऑलंड बेटांवर ५०च्या रस्त्यावर ८२नं जाणाऱ्या एका उद्योजकाला १,२१,००० युरो भरावे लागले. ‘पावती फाडा’ म्हणून सुटायची सोय नाही.

तीसनं चाललं तर शहर ठप्प होईल, ही भीती मात्र पुणेकरांनी बाळगू नये. टॉमटॉम कंपनीच्या २०२४च्या पाहणीत पुण्यात १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं लागत होती. म्हणजे ताशी अठरा. आपण दोन सिग्नलच्या मध्ये साठ गाठतो आणि पुढच्या सिग्नलला सगळे पुन्हा शेजारी उभे असतो.

रस्ते बदलायला एवढा पैसा कुठून आणायचा, असं कोणी म्हणेल तर त्याला होबोकेन दाखवावं. न्यू जर्सीतलं साठ हजार वस्तीचं दाट शहर, जर्सी सिटीला खेटून. तिकडे नोकरीला असलेल्या कितीतरी मराठी घरांना ओळखीचं. जानेवारी २०१७नंतर सात वर्षांहून अधिक काळ तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. त्यांनी केलं काय, तर झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडची मोटार उभी करायची जागा काढून टाकली. तिथे मोटारी उभ्या करायला राज्याच्या कायद्यानं आधीच बंदी होती, पण कायदा पाळतो कोण! म्हणून तिथे लवचीक खांब रोवले, सायकलींचे स्टँड ठेवले, रोपं लावली. मोटार घुसवायचीच सोय राहिली नाही. वर सांगितलेला तो टेम्पो आठवा: आडोसाच नसला तर बाई चालकाला दुरूनच दिसतात आणि चालक बाईंना. शिवाय काही सिग्नलवर पायी चालणाऱ्यांचा दिवा वाहनांच्या आधी काही सेकंद हिरवा होतो. वाहनं वळायला लागेपर्यंत माणसं रस्त्याच्या मध्यावर, नजरेसमोर आलेली असतात. यातल्या कशालाही उड्डाणपुलाएवढी निविदा लागत नाही. (कदाचित म्हणूनच आपल्याकडे या कामांना वाली मिळत नाही.)

हेलसिंकीचं शून्य मात्र त्या एका वर्षाचं होतं. एक अपघात झाला की असं शून्य संपतं, हे तिथल्या अभियंत्यांना ठाऊक आहे. ज्या जुलैत हा आकडा आला त्याच सुमारास त्यांनी आणखी एक निर्णय घेतला. शाळांजवळच्या रस्त्यांवरची मर्यादाही ३० करायची, आणि हे नव्या सत्राची घंटा वाजण्याआधी.